सहासष्ट जोड्यांची भिशी

बारा जणी, बारा महिने आणि महिन्याला हजार रुपये. चाळीत, सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, भाजी मंडईच्या गाळ्यांवर, कुठे ना कुठे अशी एक भिशी चालू असतेच. ठरल्या तारखेला सगळ्या जमतात, हप्ता भरतात, चहापोहे होतात. वाटीत चिठ्ठ्या टाकून घरातल्या एखाद्या लहान मुलाला एक उचलायला सांगतात. जिची चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. तिची चिठ्ठी पुढच्या महिन्यापासून वाटीतून बाद होते, हप्ता मात्र चालूच राहतो. वर्ष संपतं तेव्हा प्रत्येकीने बारा हजार भरलेले असतात आणि प्रत्येकीला बारा हजारच मिळालेले असतात. व्याज नाही, कमिशन नाही, कुणाला नफा नाही, कुणाला तोटा नाही.

मग यात मिळवलं काय? घरातली हिशेबी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. आपलेच पैसे बारा घरांतून फिरवून आणायचे आणि परत आपल्याच हातात घ्यायचे, त्यापेक्षा पोस्टात आवर्ती खातं काढलं तर चार पैसे व्याज तरी मिळेल. प्रश्न बिनतोड वाटतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की या साध्यासुध्या भिशीच्या पोटात असं काही सापडतं की पाहत राहावं.

समजा, या बाराही जणींना शिलाई मशीन घ्यायचं आहे आणि त्याची किंमत आहे बारा हजार. प्रत्येकीने आपापल्या डब्यात महिन्याला हजार टाकले तर बाराव्या महिन्यात सगळ्यांची मशीन एकदम येतील. प्रत्येकीची वाट पाहणं बारा महिन्यांचं. बारा जणींचं मिळून १४४ महिने.

आता त्याच बारा जणी भिशी लावतात. पहिलीला पहिल्या महिन्यात मशीन मिळतं, दुसरीला दुसऱ्या, तिसरीला तिसऱ्या. एक अधिक दोन अधिक तीन असं बारापर्यंत केलं की बेरीज येते ७८. म्हणजे सरासरी साडेसहा महिने. १४४ मधून ७८ गेले, उरले ६६. हे ६६ महिने कुणीही जास्त पैसे न भरता वाचले. आणि त्यासाठी कुणाचंही नुकसान झालेलं नाही. शेवटच्या नंबरवालीला बाराव्या महिन्यात मशीन मिळतं, आणि एकटीने साठवलं असतं तरी तिला ते बाराव्या महिन्यातच मिळालं असतं. अकरा जणी पुढे सरकल्या, बारावी आहे तिथेच राहिली, मागे कुणीच गेलं नाही. अर्थशास्त्रात असा सौदा क्वचितच सापडतो.

टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी या तीन अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात नेमकी हीच गोष्ट गणिताने मांडली. आपल्याकडच्या काकू-मावशांनी ती त्याआधी कितीतरी वर्षं चालवून दाखवली होती.

पण हे महिने आले कुठून? हवेतून तर नक्कीच नाहीत. ते आले डब्यांतून. एकेकटीने साठवताना सहाव्या महिन्याच्या अखेरीस प्रत्येक डब्यात सहा हजार असतात, म्हणजे बारा डब्यांत मिळून ७२ हजार. अकराव्या महिन्याच्या अखेरीस तोच आकडा १ लाख ३२ हजारांवर जातो. एवढी रक्कम नुसती पडून असते, कारण एकाही डब्यात मशीनपुरते पैसे झालेले नसतात. भिशीत पडून राहणारी रक्कम किती? शून्य. सहाव्या महिन्याच्या अखेरीस सहा घरांत सहा मशीन चालू असतात, आणि त्यांच्यावर शिवलेल्या ब्लाउजांची शिलाई हप्ते भरायला मदत करत असते.

इथवरचं गणित पुस्तकांत सापडतं. मला खरं थक्क केलं ते यापुढच्या पायरीने.

कागदावर गोलाकार बारा ठिपके काढा. एक ठिपका म्हणजे एक बाई. आता प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला रेघेने जोडा. रेघा मोजल्या तर भरतात ६६. वाचलेले महिनेही ६६च होते.

हा योगायोग नव्हे. या बारा जणींपैकी कुठल्याही दोघी घ्या, समजा तिसऱ्या महिन्यात भिशी लागलेली आणि नवव्या महिन्यात लागलेली. तिसऱ्या महिन्यात नववीने तिसरीच्या हातावर हजार रुपये ठेवले. नवव्या महिन्यात तिसरीने नववीला हजार रुपये दिले. वर्षभरात या दोघींमध्ये एवढाच व्यवहार झाला. तो काय आहे? एका मैत्रिणीने दुसरीला सहा महिन्यांसाठी दिलेलं हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज, आणि त्याची वेळेवर झालेली परतफेड. दुसऱ्या कुठल्याही दोघी घेतल्या तरी हेच दिसेल. फक्त मधल्या महिन्यांची संख्या बदलेल.

म्हणजे आपण जिला भिशी म्हणतो ती एक गोष्ट नसून एकमेकांत विणलेली ६६ छोटी कर्जं आहेत. हजार रुपये म्हणजे एका महिन्याची बचत, म्हणून प्रत्येक कर्ज घेणारीची वाट बरोबर एका महिन्याने कमी करतं. ६६ जोड्या, ६६ कर्जं, ६६ महिने. एकही करारपत्र नाही, जामीनदार नाही, तारण नाही. ही ६६ कर्जं कुणी ठरवून दिलेलीही नाहीत. हप्ता भरायचा आणि चिठ्ठी उचलायची, एवढ्या दोन नियमांतून ती आपोआप तयार होतात आणि वर्षअखेरीस आपोआप फिटतात.

सहाव्या नंबरवालीच्या हातात आलेल्या बारा हजारांकडे या नजरेने पाहा. त्यातले पाच हजार तिने आधीच्या पाच जणींना दिलेलं कर्ज परत आलेलं असतं. एक हजार तिचे स्वतःचे, त्याच महिन्याचे. उरलेले सहा हजार नंतरच्या सहा जणींकडून घेतलेली उसनवारी. एकाच क्षणी ती वसुलीही करते, बचतही करते आणि कर्जही उचलते, आणि तिला यातलं काहीच वेगवेगळं करावं लागत नाही. पहिल्या नंबरवाली निव्वळ कर्जदार, शेवटची निव्वळ सावकार, आणि मधल्या सगळ्या थोड्या थोड्या दोन्ही. बँकेत ठेवीदार एका खिडकीशी आणि कर्जदार दुसऱ्या खिडकीशी उभा असतो, मध्ये कारकून, मॅनेजर, संगणक, कुलूप. इथे ठेवीदार आणि कर्जदार एकाच सतरंजीवर पोहे खात बसलेले असतात.

साहजिकच मनात येतं, पहिली बाई बारा हजार घेऊन हप्ते बंद करेल तर? तिला अकरा हजारांचा फायदा दिसतोय. पुन्हा तेच चित्र पाहा. ती गेली तर तिच्या अकरा रेघा एकदम तुटतात. पण उरलेल्या अकरा जणींच्या आपसांतल्या ५५ रेघा शाबूत असतात, आणि त्यांवरून ही बातमी संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीपासून शाळेच्या फाटकापर्यंत पोचते. ज्या जाळ्याने कर्ज दिलं तेच जाळं वसुलीही करतं. म्हणून भिशीतले रिवाज वरवर सहज वाटले तरी त्यांच्यात मोठी समज असते. पुष्कळ ठिकाणी भिशी चालवणारी पहिला नंबर स्वतः घेते, कारण कुणी चुकलंच तर तो हप्ता तिला पदरचा भरावा लागतो आणि त्या जोखमीचा मोबदला म्हणजे हा पहिला नंबर. नव्याने आलेलीला शेवटचे नंबर मिळतात, म्हणजे आधी तिचा हात सगळ्यांना दिसतो. चिठ्ठी निघाल्यावर अदलाबदलही होते: ‘काकू, मुलीची फी भरायची आहे हो, तुमचा नंबर मला द्याल का?’ काकू देतात. त्यांना पैसे दिवाळीला मिळाले तरी चालणार असतात.

भिशी लहान का असते, याचंही उत्तर या चित्रातच आहे. बारा माणसांत ६६ रेघा, वीस माणसांत १९०, आणि शंभर माणसांत ४,९५०. बारा जणींमधली प्रत्येक रेघ म्हणजे खरीखुरी ओळख असू शकते. ४,९५० ओळखी कुठल्याच गल्लीत नसतात. माणसं आठपट वाढली की रेघा पंच्याहत्तरपट वाढतात, आणि त्यांतल्या बहुतेक नुसत्या कागदावर राहतात. ‘भिशी’ नाव लावून शेकडो अनोळखी लोकांकडून पैसे गोळा करणारे आणि वर दामदुप्पट देऊ म्हणणारे अधूनमधून बुडतात, त्यांची बातमी येते आणि बदनामी भिशीची होते. खऱ्या भिशीत दामदुप्पट येणार कुठून? तिच्यात जेवढे घातले तेवढेच निघतात. तिचा फायदा महिन्यांत मोजायचा असतो. असं कुणी नोंदणीशिवाय लोकांच्या ठेवी गोळा करू लागलं तर त्याला आळा घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे.

भिशीची ही युक्ती नेमकी कुणाला प्रथम सुचली? एकाला नाही, अनेकांना. क्लिफर्ड गिर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने जावामधल्या ‘अरिसान’विषयी १९६२ मध्ये लिहिलं. दोनच वर्षांनी शर्ली आर्डनर यांनी जगभरच्या अशा मंडळांची तुलना मांडली, तेव्हा त्यांचा पसारा किती मोठा आहे ते दिसू लागलं. इथिओपियात ‘इकुब’, घानात ‘सुसू’, मेक्सिकोत ‘तांदा’, कोरियात ‘के’, इजिप्तमध्ये ‘गमय्या’, पाकिस्तानात ‘कमिटी’. भाषा वेगळ्या, नाणी वेगळी, देव वेगळे, आणि वाटीतल्या चिठ्ठ्या त्याच. जपानमध्ये ‘मुजिन’ नावाची अशीच मंडळं शतकानुशतकं चालत होती. १९१५ मध्ये त्यांच्या व्यवसायासाठी कायदा झाला, १९५१ च्या कायद्यानंतर त्यांतून परस्पर बँका उभ्या राहिल्या आणि १९८९ च्या सुमारास त्यांतल्या बहुतेक साध्या व्यापारी बँका झाल्या. म्हणजे तिथल्या कित्येक बँकांची पणजी भिशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुटुंबांना बँका कर्ज देईनात, तेव्हा त्यांनी ‘पार्डनर’ नावाची आपली भिशी तिथे लावली, आणि तिच्या पैशांतून कित्येकांनी घरासाठीची पहिली रक्कम उभी केली.

केरळमध्ये तर सरकारच भिशी चालवतं. १९६९ मध्ये स्थापन झालेली, त्रिशूरला मुख्यालय असलेली केरळ स्टेट फायनान्शियल एंटरप्रायझेस ही राज्य सरकारच्या मालकीची चिट फंड कंपनी आहे. तिथे लिलावाचीही पद्धत आहे, आणि आपल्याकडच्या व्यापारी पेठांतल्या लिलाव भिशीतही तीच चालते. बारा हजारांचा गल्ला आहे आणि एकाला आजच पैसे हवेत. तो म्हणतो, मला दहा हजार आठशे द्या. उरलेले बाराशे बारा जणांत शंभर-शंभर वाटले जातात. ज्याला घाई तो थोडं सोडतो, ज्याला धीर धरवतो त्याला त्या धीराची किंमत मिळते. पैशाचा त्या दिवसाचा भाव या बारा जणांनी बसल्या जागी ठरवलेला असतो. व्यवसाय म्हणून चालणाऱ्या चिट फंडांना मात्र १९८२ चा कायदा लागू आहे. त्यांना नोंदणी करावी लागते, आणि चालवणाऱ्याचं कमिशन २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त सात टक्के असू शकतं.

आता त्या शेवटच्या बाईकडे वळू या, कारण या सगळ्यातलं खरं कोडं तीच आहे. बारावा नंबर लागलेलीला एकही महिना वाचत नाही. व्याजही मिळत नाही. उलट अकरा जणींवर विश्वास टाकण्याची जोखीम तीच सर्वांत जास्त घेते. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर तिने पोस्टातच जायला हवं. तरी ती येते, आणि पुष्कळदा स्वतःहून म्हणते, ‘मला शेवटचा नंबर द्या गं.’

का? कारण घरात ठेवलेला हजार रुपयांचा डबा वर्षभर टिकत नाही. गॅस संपतो, पाहुणे येतात, मुलाचे बूट फाटतात, दीर उसने मागतो. यातली एकही गोष्ट उधळपट्टी नाही. प्रत्येक गरज खरी असते आणि आजची असते, आणि मशीन मात्र उद्याचं असतं. डबा हाताशी आहे तोवर जिंकतो तो आजचाच दिवस. पण ‘भिशीचा हप्ता आहे’ म्हटलं की तेच पैसे आपोआप बाजूला पडतात. दिराला ‘नाही’ म्हणणं जड जातं, ‘भिशी भरायची आहे भावजी’ म्हणणं सोपं जातं. सिवान अँडरसन आणि जां-मारी बालां या अर्थतज्ज्ञांनी नैरोबीतल्या किबेरा वस्तीतल्या भिश्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे सदस्यांत स्त्रियाच फार मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांतही संसार करणाऱ्या. घरातल्या पैशाला घरातच फुटणाऱ्या वाटांपासून सांभाळण्यासाठी त्या भिशीत येत होत्या. केनियाच्याच पश्चिम भागातल्या भिश्यांवर मेरी के गुगर्टी यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या निबंधाचं शीर्षकच, मराठीत सांगायचं तर, ‘एकट्याने बचत होत नाही’ असं आहे.

याचा ताळा चिलीमध्ये पाहिला गेला, आणि तो वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सावरून बसलो. फेलिपे कास्ट, स्टेफान मायर आणि दिना पोमेरान्झ यांनी तिथल्या छोट्या उद्योजकांना बचत खाती काढून दिली. काहींना साधं खातं, काहींना बरंच जास्त व्याज देणारं खातं, आणि काहींना साधंच खातं पण सोबत एक गट. त्या गटात आपलं उद्दिष्ट सगळ्यांसमोर सांगायचं आणि किती भरले तेही सगळ्यांसमोरच दाखवायचं. जास्त व्याजाने बहुतेकांच्या बचतीत फारसा फरक पडला नाही. गटातल्या लोकांनी मात्र साडेतीन पट जास्त वेळा पैसे भरले आणि त्यांची सरासरी शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. पुढे त्यांनी आणखी एक प्रयोग केला. समोरासमोर भेटण्याऐवजी मोबाइलवर नुसते संदेश पाठवले: तुम्ही या आठवड्यात भरले का, तुमच्या बरोबरीचे किती पुढे आहेत. त्याचाही परिणाम जवळजवळ तेवढाच दिसला. माणसाला बचतीसाठी जास्त व्याजापेक्षा आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असणं अधिक उपयोगी पडतं. आपल्या दक्षिणेला उडुपीच्या एका बँकेने, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या, हे १९२८ मध्येच ओळखलं होतं. तिच्या पिग्मी योजनेत एजंट रोज दारात येऊन दोन आणे घेऊन जायचा. रोज दारात येणारा माणूस, हीच त्या योजनेची ताकद होती.

हल्ली एक बावन्न आठवड्यांची बचत स्पर्धाही फिरत असते. पहिल्या आठवड्यात दहा रुपये, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस, असं बावन्नाव्या आठवड्यात ५२० पर्यंत. वर्षाची बेरीज १३,७८० रुपये. सुरुवात इतकी हलकी की कुणीही उत्साहाने पहिलं पाऊल टाकावं. पण पहिल्या सहा महिन्यांत यातले फक्त ३,५१० जमतात आणि पुढच्या सहा महिन्यांत १०,२७०. तीन चतुर्थांश डोंगर शेवटी ठेवलेला. दिवाळीनंतर सुरुवात केली तर सगळ्यांत जड हप्ते नेमके पुढच्या दिवाळीच्या तोंडावर येतात, कपडे, फराळ आणि भाऊबीज डोक्यावर असताना. एकटा माणूस इथे गळतो. यावर चार-पाच घरांनी मिळून करायचा एक सुंदर उपाय आहे. बावन्न चौकटींचा तक्ता भिंतीला लावायचा, आणि ज्या आठवड्यात जेवढं झेपेल तेवढी चौकट खोडायची. पगाराच्या आठवड्यात ५००, महिनाअखेरीला ४०. क्रम कसाही लावला तरी बेरीज तीच येते, कारण बेरजेला क्रम कळत नाही. शेजारच्या घरच्या तक्त्यात किती चौकटी खोडल्या गेल्या हे दिसत राहतं, आणि चिलीतल्या मोबाइल संदेशांचं काम तो कागद करतो.

पण वर्षाच्या सामूहिक बचतीचा मला सगळ्यांत आवडणारा प्रकार आहे कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीकडची दिवाळीला फुटणारी भिशी. तालमीत, मंडळात, कारखान्यात, गल्लीत ती चालते. इथे चिठ्ठी नसते. दर आठवड्याला ठरलेली रक्कम भरायची, जमलेल्या पैशातून सभासदांनाच कर्ज द्यायचं, शेकडा काही रुपये व्याज घ्यायचं, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळं वाटून टाकायचं. ‘आमची भिशी फुटली’ हे वाक्य त्या भागात किती आनंदाने म्हटलं जातं ते ऐकायला हवं.

आकडे घेऊन पाहू. वीस सभासद, आठवड्याला शंभर रुपये, पन्नास आठवडे. प्रत्येकाचे पाच हजार, एकूण एक लाख. पैसा हळूहळू जमतो, म्हणून वर्षभरातली सरासरी शिल्लक धरू पन्नास हजार. त्यातला निम्मा कर्जाऊ फिरता राहिला आणि व्याज महिन्याला शेकडा दोन असलं, तर वर्षाला साधारण सहा हजार व्याज जमतं. माणशी तीनशे. पाच हजारांवर तीनशे म्हणजे सहा टक्के, असं वाटेल. पण प्रत्येकाचे पैसे सरासरी अडीच हजारच गुंतलेले होते, म्हणून खरा दर बारा टक्क्यांचा झाला. आणि हे व्याज भरलं कुणी? सभासदांनीच. कर्ज घेणाऱ्याने वर्षाला चोवीस टक्के मोजले हे खरं, पण दवाखान्याच्या वेळी त्याला पैसे दहा मिनिटांत मिळाले, आणि त्याने भरलेल्या व्याजातला एक वाटा दिवाळीला त्याच्याकडेच परत आला.

यातली सगळ्यांत हुशार गोष्ट आहे ती फोडण्याची. वरवर वाटतं, एवढा मोठा निधी उभा राहिलाय तर तो वाढू द्यावा, दरवर्षी मोडायचा कशाला? पण फोडणं म्हणजेच तपासणी. वाटपाच्या दिवशी सगळी कर्जं वसूल व्हावी लागतात, सगळा पैसा टेबलावर यावा लागतो, आणि प्रत्येकाला आपला हिस्सा हातात मोजून घेता येतो. ज्याला वही वाचता येत नाही त्यालाही नोटा मोजता येतात. गडबड झालीच असेल तर ती एका वर्षाहून जास्त काळ लपू शकत नाही.

हाच विचार हजारो मैलांवर, नायजरमधल्या माराडी भागात १९९१ मध्ये पुन्हा जन्माला आला. ‘केअर’ या संस्थेने तिथल्या बायकांबरोबर ‘माता मासु दुबारा’ नावाचा बचत कार्यक्रम सुरू केला. हे प्रारूप पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत पसरलं. एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. पेटी फक्त सगळ्यांसमोर उघडते. आणि साधारण वर्षभराने सगळा पैसा व्याजासह वाटून टाकतात. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला ती पेटी दाखवली तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या बचत गटांनी दुसरी वाट घेतली. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, आणि त्यातून देशभर लाखो गट उभे राहिले. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि पुढे उमेद अभियानाने हे काम गावोगाव नेलं. हे गट दरवर्षी फुटत नाहीत. निधी साठत जातो, त्याच्या जोरावर बँक कर्ज देते, आणि शेळ्या, पापड, शिवणकाम असे उद्योग उभे राहतात. पण फोडण्याची ती वार्षिक तपासणी गेली की तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. म्हणूनच गटातल्या बायका पंचसूत्री तोंडपाठ म्हणतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. यातलं शेवटचं सूत्र फुटणाऱ्या भिशीला एवढं लागत नाही, कधीच न फुटणाऱ्या गटाला मात्र त्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. ज्या गावात एकही बाई नीट वही लिहू शकत नाही तिथे दिवाळीला फुटणारी भिशी बरी. जिथे एक तरी लिहिती बाई आहे तिथे बचत गट दहा वर्षांत घराचं चित्र बदलू शकतो. मला वाटतं, या दोन्ही गोष्टी गावात शेजारी शेजारी असाव्यात.

चिठ्ठीच्या भिशीलाही वर्षाचीच मुदत का आवडते? बारा महिने हे कारण आहेच, पण आणखी एक आहे. अकराव्या महिन्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की हप्ता कुणी पाच तारखेला दिला आणि कुणी तीन वेळा फोन केल्यावर. बाराव्या महिन्यात शेवटचीला पैसे मिळतात आणि त्याच बैठकीत वहीचं नवं पान उघडतं. भिशी चालवणाऱ्या ताई विचारतात, ‘पुढच्या वर्षी कोण कोण आहे?’ नावं लिहिली जातात. गेल्या वर्षी शेवटच्या नंबरवर थांबलेलीला काही गटांत पहिला नंबर आपणहून दिला जातो. रखडवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, भांडणही होत नाही, फक्त त्या पानावर ते लिहिलं जात नाही. पहिल्या महिन्यात बारा हजार उचललेली बाई पुढचे अकरा हप्ते न चुकता भरते ते याच पानासाठी. तिची मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाणार असते आणि तेव्हाही तिला पहिल्या दोन-तीन नंबरांतच भिशी हवी असते.